अर्थशास्त्रात बी.ए. करून पैसे किती मिळतात? डिचोलीच्या एका पालकांना उत्तर

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली. तिला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आहे. अकरावी-बारावीला गणित घेतलेलं नव्हतं. मामा म्हणतात बी.कॉम. कर, निदान एखाद्या सीएच्या ऑफिसात लागशील. काका म्हणतात नर्सिंग. वडिलांचं म्हणणं असं की आवडीनिवडीचं आम्ही घरी बघू, तुम्ही फक्त पैशाचं सांगा: तीन वर्षं आणि एवढा खर्च घालून हातात काय येणार?

मी आधी बँकेच्या कर्ज विभागात होतो, नंतर बरीच वर्षं गोव्यातल्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवत आलो, आणि नोकरभरतीच्या मुलाखतींत प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो आहे. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. गोव्याच्या बाजारात नुसत्या अर्थशास्त्राच्या बी.ए.ला इतर कुठल्याही बी.ए.पेक्षा फारसा जास्त भाव नाही. त्याच पदवीला संख्याशास्त्राची जोड मिळाली आणि पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं वाया गेली नाहीत, तर कला शाखेत पैशाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली पदवी मला माहीत नाही. पगारातला जो मोठा फरक दिसतो, तो या दोन गोष्टींनी पडतो.

अर्थशास्त्र शिकलेले लोक खूप कमावतात, असे आकडे तुम्हाला कोणी मोबाईलवर पाठवलेच असतील. ते खोटे नसतात, पण ते कुठले आहेत हे बघावं लागतं. या विषयावरचं मला सर्वांत पटलेलं काम अमेरिकेतलं आहे. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली ते प्रसिद्ध केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात अर्थशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा तर पहिल्या दोन पेपरांत सरासरी ४ पैकी २.८ गुणांक लागत असे. या दोघांनी त्या रेषेच्या जेमतेम वर असलेल्या आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली. हुशारीत, घरच्या परिस्थितीत दोघे जवळपास सारखेच. एकाला अर्थशास्त्र मिळालं, दुसऱ्याला दुसरा विषय घ्यावा लागला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अर्थशास्त्रवाल्यांची वर्षाची कमाई सुमारे २२ हजार डॉलरने, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. हुशार मुलंच हा विषय घेतात म्हणून ती जास्त कमावतात, हा नेहमीचा आक्षेप इथे लागू पडत नाही. म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा.

पण तुमच्या कामाचा भाग त्याच अभ्यासात पुढे आहे. त्या फरकातला जवळजवळ निम्मा भाग मुलं कोणत्या क्षेत्रात गेली यावरून आला. अर्थशास्त्रवाले वित्त, विमा, स्थावर मालमत्ता, हिशेब तपासणी अशा जास्त पगाराच्या धंद्यांत शिरले. कॅलिफोर्नियात हे धंदे दारात आहेत. गोव्यात आपल्या दारात पर्यटन आहे, वेर्णाचे औषधांचे कारखाने आहेत, सरकार आहे, बँकांच्या आणि पतसंस्थांच्या शाखा आहेत, बांधकाम आहे. मोठ्या वित्तसंस्थांची मुख्यालयं मुंबईत. त्यामुळे तो ४६ टक्क्यांचा आकडा उचलून डिचोलीत आणता येत नाही. ब्रिटनमध्येही हेच. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने पदवीधरांच्या आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडला, त्यात वैद्यकशास्त्र आणि अर्थशास्त्र वरच्या रांगेत आले. त्याच हिशेबात असंही निघालं की साधारण पाचातल्या एका विद्यार्थ्याला पदवी न घेता राहिला असता तर पैशाच्या दृष्टीने बरं झालं असतं. सरासरी चांगली असली म्हणून प्रत्येकाचं चांगलं होतं असं नाही.

आता आपला हिशेब. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या भागातले पगार घालून हाच हिशेब तुम्ही घरी पुन्हा करा.

बारावी झालेली मुलगी म्हापशाच्या शोरूममध्ये किंवा एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनवर लागली तर महिना १५ हजार मिळतील असं धरू. तीन वर्षं कॉलेजात गेली की हे ५ लाख ४० हजार बुडाले. फी, पुस्तकं, कदंब बसचा पास, परीक्षा असं वर्षाला २५ हजार धरलं तर ७५ हजार. जेवणखाण यात धरायचं नाही, कारण नोकरी केली असती तरी जेवली असतीच. एकूण गुंतवणूक ६ लाख १५ हजार. यातला फीचा भाग किती लहान आहे बघा. पालक फीची चिंता करतात. खरा खर्च म्हणजे न मिळालेला पगार.

पदवीनंतर तिला २२ हजारांची नोकरी लागली. बारावीनंतरच कामाला लागलेली तिची मैत्रीण तोपर्यंत १८ हजारांवर पोचलेली असेल. फरक महिना ४ हजार, वर्षाला ४८ हजार. या गतीने ६ लाख १५ हजार परत यायला जवळपास तेरा वर्षं लागतात. आणि पैशाला मुदत ठेवीसारखं ७ टक्के व्याज धरलं तर तेहतीस-चौतीस वर्षं. म्हणजे अख्खी नोकरी. आता समजा २२ ऐवजी तिला ३३ हजारांची जागा मिळाली. फरक महिना १५ हजारांचा झाला. मग तीच गुंतवणूक व्याजासकट चार वर्षांत वसूल होते. पदवी तीच, कॉलेज तेच, विद्यापीठ तेच. एकीकडे चौतीस वर्षं आणि दुसरीकडे चार. म्हणूनच ‘या पदवीची किंमत किती’ या प्रश्नाला एक आकडा सांगता येत नाही.

यात तिसरी शक्यता आहे, आणि गोव्यात तीच सर्वांत जास्त घडते. मुलगी पास होते आणि सरकारी नोकरीची जाहिरात कधी येते याची वाट बघत घरी थांबते. एक गणेशचवथ जाते, दुसरी जाते. तीन वर्षं गेली, तर २२ हजारांच्या हिशेबाने ७ लाख ९२ हजार बुडाले. पदवीच्या तीन वर्षांच्या सगळ्या खर्चापेक्षा हा आकडा मोठा आहे. फी भरताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, पण या पावणेआठ-आठ लाखांची घरात कोणी चर्चासुद्धा करत नाही, कारण ते खिशातून जाताना दिसत नाहीत.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत २०२३-२४ साली गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता, देशाचा ३.२. दरडोई उत्पन्नात देशात पहिल्या रांगेत असलेल्या राज्याची ही स्थिती. ज्या घरात पेन्शन आहे, भाड्याची खोली आहे किंवा आखातातून, जहाजावरून पैसे येतात, ते घर मुलांना थांबू देऊ शकतं. म्हणून मुलं थांबतात, आणि थांबलेली मुलं बेरोजगारांत मोजली जातात. मला हे वर्गात सतत दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं, कारण थांबणारी मुलं आळशी नसतात. घरच्यांनी ‘सरकारी लागेल तेव्हाच’ असं ठरवलेलं असतं.

थांबणं कधी परवडतं, याचाही हिशेब करता येतो. २२ हजारांच्या खासगी नोकरीऐवजी ३३ हजारांची सरकारी मिळाली तर वर्षाला १ लाख ३२ हजारांचा फायदा. तीस वर्षांचा असा फायदा ७ टक्क्यांनी आजच्या पैशात आणला तर साधारण १६ लाख ४० हजार होतात. त्यासाठी ७ लाख ९२ हजार पणाला लावायचे, तर नोकरी मिळण्याची शक्यता निदान निम्मी हवी. वेगाने होणारी पगारवाढ आणि निवृत्तीनंतरचे लाभ धरले तर थोडी कमी चालेल. पण मोजक्या जागांना हजारो अर्ज येतात तिथे कोणाची शक्यता निम्मी असते? आणि मुळात परीक्षेचा अभ्यास नोकरी करतानाही करता येतो. वय तर हातात आहे: बँकांच्या बहुतेक भरतीला तिशीच्या आसपासपर्यंत अर्ज करता येतो.

सरकारी पदांबद्दल आणखी एक गोष्ट पालकांना सांगावी लागते. राज्य सरकारातल्या कनिष्ठ कारकुनाच्या पदाला बारावी आणि संगणकाचं ज्ञान पुरतं. मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या दुसऱ्या स्तरावरचं, १९,९००. त्यावर महागाई भत्ता वगैरे मिळून पगार बरा होतो, म्हणून एम.ए. झालेली मुलंही तिथे अर्ज करतात. पण तुमच्या मुलीचं ध्येय तेवढंच असेल तर त्यासाठी बी.ए.ची गरज नाही; शिक्षणाच्या बाजूने ती आजच पात्र आहे. अर्थशास्त्रातल्या नोबेल मानकऱ्यांपैकी मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलं होतं की पदवी अनेकदा कौशल्य देण्याऐवजी फक्त खूण म्हणून वापरली जाते, मालकाला अर्जांचा ढीग चाळायला सोपं जावं म्हणून. सगळ्यांकडेच ती खूण आली की तिचा भाव उतरतो. गोव्यात घरटी एक पदवीधर झाल्यापासून नुसत्या ‘बी.ए.’ या खुणेचं हेच झालंय.

मग किंमत कशाने वाढते? माझं उत्तर संख्याशास्त्र. हे मी आवडीने सांगत नाही, जाहिराती बघून सांगतो. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तराच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद भरतात, सहाव्या स्तराचं, मूळ वेतन ३५,४००. त्याला बारावीला गणितात ६० टक्के लागतात, किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो. तुमच्या मुलीने बारावीला गणित सोडलं तेव्हा पहिला मार्ग बंद झाला. दुसरा अजून उघडा आहे, आणि तो येत्या तीन वर्षांतच उघडा राहणार आहे. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडावा लागतो. तिथे ‘सोपं जाईल’ म्हणून भलताच विषय घेणारी मुलं पुढे फार पस्तावतात.

पर्वरीला राज्याचं नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय आहे. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल तिथे तयार होतो. तिथली सांख्यिकी कामाची पदं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेल्यांना थेट उपयोगी पडणारी आहेत. जागा थोड्या असतात, हे खरं. पण तिथे तुमची मुलगी सगळ्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांच्या लोंढ्यात नसते, तिची स्पर्धा लहान होते. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी येणं जमेची बाजू धरतात. घरी मराठी वाचता-लिहिता आणि कोकणी बोलता, तर देवनागरी कोकणी लिहायचाही सराव तिने आतापासून ठेवावा.

सरकारी नोकरीवर इतकं लिहावं लागतं, कारण प्रश्न नेहमी तिथेच येऊन थांबतो. पण मला मनापासून वाटतं की गोव्यात अर्थशास्त्राच्या मुलांसाठी सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित काम हॉटेलांत आहे, आणि ते रिसेप्शनवरचं नाही. त्याला रेव्हेन्यू मॅनेजमेंट म्हणतात. जुलैत कळंगुटला जी खोली मिळेल त्या भावात द्यावी लागते, तीच ३१ डिसेंबरला कितीतरी पटींनी महाग जाते. मधल्या प्रत्येक दिवसाचा दर कोणीतरी ठरवतो: किती खोल्या आधीच भरल्यात, मोपा आणि दाबोळीच्या विमानांची भाडी काय चालली आहेत, शेजारच्या हॉटेलने दर पाडला का, लग्नाचे मुहूर्त कुठे आहेत, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली आहे का. रात्र उलटली की रिकाम्या खोलीचे त्या दिवसाचे पैसे कायमचे गेले.

एक साधं उदाहरण मी वर्गात देतो. शंभर खोल्यांचं हॉटेल. सहा हजार दर ठेवला तर ५० खोल्या भरतात, जमा तीन लाख. दर साडेचार हजार केला तर ७० भरतात, जमा ३ लाख १५ हजार. मालक खूश होतो आणि दर उतरवतो. पण भरलेल्या प्रत्येक खोलीमागे धुलाई, नाश्ता, वीज, बुकिंग करून देणाऱ्याचं कमिशन धरून ९०० रुपये खर्च येत असेल तर? पन्नास खोल्यांवर ४५ हजार जातात, उरले २ लाख ५५ हजार. सत्तर खोल्यांवर ६३ हजार जातात, उरले २ लाख ५२ हजार. दर उतरवून काम वाढलं आणि तीन हजार कमी मिळाले. मागणीची लवचिकता (दर बदलला की मागणी किती बदलते) आणि सीमांत खर्च (एक खोली जास्त भरली की किती खर्च वाढतो) हे पहिल्या वर्षाचे धडे आहेत. परीक्षेत मुलं त्यांच्या आकृत्या सुंदर काढतात. पण मुलाखतीत हॉटेलचं असं गणित समोर ठेवलं की बहुतेक जण गप्प बसतात. जी मुलगी एक्सेलची शीट उघडून पाच मिनिटांत हे मांडून दाखवते, तिला मी तरी परत पाठवणार नाही. आणि हे काम शिकलेला माणूस गोव्यातून दुबईला किंवा सिंगापूरला गेला तरी त्याचं काम तेच राहतं.

बँका, सूक्ष्म वित्त, विमा, म्युच्युअल फंड यांचंही असंच. बँकांच्या लेखी परीक्षेत विषयाला किंमत नाही, कुठलाही पदवीधर चालतो. पण आर्थिक घडामोडींचे प्रश्न आणि आकडेवारी वाचून उत्तर द्यायचे प्रश्न अर्थशास्त्रवाल्याला सोपे जातात. म्युच्युअल फंड वितरक व्हायचं तर एनआयएसएम या रोखे बाजाराचं शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पाच-अ क्रमांकाची परीक्षा द्यावी लागते. ती शिकत असतानाही देता येते, खर्चही फार नाही. गोव्यात मुदत ठेवीत पैसे पडून असलेली घरं किती आहेत हे मी बँकेत असताना बघितलं आहे. प्रामाणिकपणे सल्ला देणाऱ्या माणसाला इथे काम कमी पडणार नाही.

मामांचं म्हणणं खोटं नाही. पणजी, म्हापसा, मडगावच्या सीएंच्या ऑफिसांत आणि छोट्या धंद्यांत बी.कॉम.ला पहिली नोकरी लवकर लागते, कारण टॅली आणि जीएसटीचं विवरणपत्र भरणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. पहिल्या दोन वर्षांत बी.कॉम. पुढे असते. त्यापुढे सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा एमबीए केलं नाही तर ती तिथेच अडकते. अर्थशास्त्रवालीला पहिलं पाऊल अवघड, पुढचा जिना उंच. मामांच्या ओळखीचे सीए असतील तर पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात दोन महिने तिला त्यांच्याकडे विनापगार का होईना पाठवा. टॅली तिथे शिकून होईल, त्यासाठी पदवी बदलायची गरज नाही.

काकांच्या नर्सिंगबद्दल: बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं. कला शाखेतून जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाचा मार्ग आहे. पैशाच्या बाजूने बोलायचं तर नर्सिंगला मागणी पक्की आहे, परदेशातही. पण रात्रपाळी, रक्त, आजारपण हे रोजचं. ज्या मुलीला ते करायचंच नाही तिला पगारासाठी तिकडे ढकललं तर ती मधेच सोडते, आणि मधेच सोडलेल्या अभ्यासक्रमासारखी वाईट गुंतवणूक दुसरी नाही.

खाणपट्ट्यातले आहात म्हणून एक गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको, तरी लिहितो. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात ट्रकवाला पदवीधरापेक्षा कितीतरी जास्त कमवत होता. तेव्हा मुलांना शिकवायचं कशाला असं विचारणाऱ्यांचं गणित चुकत नव्हतं. २०१२ साली खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. बँकेत ती थकलेली खाती आम्ही बघितली. २०२० साली टाळेबंदीत पर्यटन बसलं. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात जाऊन पदवीशिवाय काम मिळवायचा मार्ग २०२० च्या अखेरीला ब्रेक्झिटने बंद केला. एका दशकात गोमंतकीय माणसाचे पदवीशिवाय कमावण्याचे तीन मोठे रस्ते असे एकामागून एक आक्रसले. पदवीची एक किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही: एक धंदा बसला की दुसऱ्यात जाता येणं. अर्थशास्त्र हे त्यासाठी चांगलं आहे, कारण ते एकाच धंद्याला बांधलेलं नसतं. मी वर केलेल्या हिशेबात हा भाग आलेला नाही, तो मोजणं अवघड आहे, पण खाणपट्ट्यातल्या पालकाला तो न मोजताही कळेल.

आता पुढच्या शिक्षणाचं. अर्थशास्त्रात खऱ्या पैशाच्या आणि मानाच्या जागा एम.ए.नंतर सुरू होतात, हे आताच ठाऊक असलेलं बरं. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारी पदाला तीच लागते. उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. एम.ए. गोवा विद्यापीठात, ताळगावला, घरून ये-जा करून होतं. ताकद असेल तर बाहेर पाठवा. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे आणि मराठी घरातल्या मुलीला पुणं परकं वाटत नाही. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. या सगळ्या ठिकाणी प्रवेश परीक्षेत गणित विचारतात, आणि काही ठिकाणी बारावीचं गणितच मागतात, ते अर्ज भरण्यापूर्वी बघून घ्यावं. ज्या मुलीने बारावीला गणित सोडलं, तिने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स स्वतः बसून करणं भाग आहे. शिकवणी लावा, पण हे चुकवू नका.

पैशासाठी राज्य सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत. कर्ज म्हटलं की आपल्याकडे घाबरतात आणि मुदत ठेव मोडतात. बिनव्याजी कर्ज मिळत असताना व्याज देणारी ठेव मोडणं म्हणजे हातचं व्याज सोडून देणं. पात्रतेच्या अटी आणि परतफेडीची मुदत वाचा, आणि बसत असेल तर कर्ज घ्या, ठेव राहू द्या.

चौथ्या वर्षाचं काय, असं तुम्ही पुढे विचारालच. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. तिला नोकरी करायची असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडावं. चौथ्या वर्षाला गोव्यातला मालक जास्त पगार देतो असं मला अजून दिसलेलं नाही, आणि एक वर्षाचा पगार जातो तो वेगळाच. संशोधनाकडे जायचं असेल, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर चौथं वर्ष संशोधनासह करावं, त्यानंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. नोकरी नाही, संशोधनही नाही, मैत्रिणी राहिल्या म्हणून ही पण राहिली, असं मात्र होऊ देऊ नका.

प्रवेश घेताना कॉलेजचं नाव आणि इमारत बघण्यापेक्षा कार्यालयात दोन गोष्टी विचारा. अर्थशास्त्राबरोबर दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र किंवा गणित मिळतं का, आणि मिळत असेल तर ते शिकवायला कायम शिक्षक आहेत की तासिकेवरचे. आणि गेल्या तीन वर्षांत अर्थशास्त्र घेऊन पास झालेली मुलं आज कुठे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला विभागप्रमुख नावं आणि ठिकाणं सांगू शकले तर तो विभाग मुलांकडे लक्ष देतो असं समजा. घराजवळच्या कॉलेजात संख्याशास्त्र नसेल आणि म्हापशाला, पणजीला किंवा मडगावला मिळत असेल, तर दोन बस बदलून का होईना तिकडे घाला.